काठोकाठ कळशी
सांगलीच्या प्रयोगशाळेत मायानं यंत्रात विहिरीचं पाणी सोडताच पडद्यावरच्या रेघेत पुन्हा फवारणीच्या औषधाचा सुळका उभा राहिला. वडील गेले, आता त्यांनी खणलेली विहीरही बुजवावी लागणार. बाहेर आई, रंगुबाई, त्याच पाण्याची काठोकाठ कळशी घेऊन बसलेली. पाणी देताना हात आखडू नये, ही कवठेमहांकाळकडची रीत. लेकीनंही सिरिंज सढळ हातानं भरली होती. तिनं पडताळायला तेवढंच शुद्ध पाणी सोडलं, तरी सुळका तोच. म्हणजे यंत्राच्या तापलेल्या नळीत जास्तीच्या पाण्याची वाफ फुगून उतू जाताना आधी तपासलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नमुन्यातलं औषध ओढून आणत होती. नळी बदलून तिनं विहिरीचं पाणी इवलंसंच सोडलं. रेघ सपाट. बाहेर येऊन ती कळशीतलं पाणी प्यायली. “मला बी वत,” रंगुबाईनं ओंजळ पुढं केली. “तुझ्या बाच्या हिरीचं लय दिस चाखलं न्हाई.” मायानं हात आखडला नाही.