नकली चित्रांचा डाव

"हे अस्सल आहे," असं म्हणत अनिरुद्धने नदीच्या चित्राचा पत्ता टेबलावर ठेवला.

अस्मिताने पत्ता उचलून खिडकीच्या उजेडात धरला, कोपरा न्याहाळला आणि मान हलवली. तिने बोली लावली नाही. तेजलने लावली, चित्र घेतलं, पत्ता उलटला. मागे शिक्का होता, नकली.

खेळ साधा होता. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते, एक अस्सल, एक नकली. विकणाऱ्याने मागचा शिक्का गुपचूप बघायचा, हवी ती थाप मारायची आणि लिलाव करायचा. घेणाऱ्याने फक्त चित्राची बाजू बघून बोली लावायची. मरोळच्या त्या ऑफिसात खेळायला तिघंच होते. तेजल ही खेळ छापणाऱ्या कंपनीची मालकीण. अनिरुद्ध आपला खेळ विकायला आलेला. आणि अस्मिता, फॉर्म भरून आलेली परकी खेळाडू. नवा खेळ एखाद्या अनोळखी माणसाला खेळायला लावल्याशिवाय तेजल कुठल्याच करारावर सही करत नसे.

परकी म्हणे. त्यातली चोवीसच्या चोवीस चित्रं अस्मिताने भांडुपच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरून काढली होती. नियम दोघांनी मिळून रचले होते. पाच वर्षांची दोस्ती, त्यामुळे कागदोपत्री काही करावं असं तिच्या मनातही आलं नाही. चित्रं हातात पडली आणि अनिरुद्धने तिला तोंड दाखवणं बंद केलं. खोक्यावर छापलं, 'चित्रे व संकल्पना : अनिरुद्ध'. आठ महिने ती आतल्या आत जळत होती. तिला त्याची माफी नको होती. तिला त्याचं नाक कापायचं होतं, आणि तेही त्याच्याच हातून.

आज ती दारात दिसली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण ओळख दाखवायची तर पुढचं सगळंच सांगावं लागणार. म्हणून तो "नमस्कार" म्हणाला आणि पत्ते पिसायला लागला.

"प्रत्येक नकली चित्र मी वेगळं, हाताने काढलंय," त्याने तेजलला ऐकवलं होतं. "केसाएवढा फरक आहे. पन्नास डाव खेळलीस तरी कळायचा नाही. तीच तर खरी मजा."

तेजलच्या लिलावात अस्मिता बोलीच लावत नव्हती. अनिरुद्धचं मात्र एकही अस्सल चित्र तिने सोडलं नाही आणि एकाही नकली चित्राला हात लावला नाही. नऊ वेळा पत्ता उजेडात धरला, नऊही वेळा बरोबर.

"तुम्हाला फरक दिसतो?" तेजलने विचारलं.

"दिसतो ना. लगेच दिसतो."

तेजलने करार आपल्याकडे ओढला. "अनिरुद्ध, यांना पहिल्याच डावात सगळं कळतंय. मग हा खेळ विकत घेणार कोण? वाट लागली ना याची."

"अगं, लोकांना नाही कळत." अनिरुद्धचा आवाज चढला. "हिला कळतं, कारण हिनेच काढलीत ती. एकूण एक."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

तेजलने खोक्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. "मला तर तू वेगळंच सांगितलंस. अस्मिता, तुमचा नंबर फॉर्मवर आहेच. पुढचं मी तुमच्याशी बोलेन."

अनिरुद्धने अस्मिताला लिफ्टपाशी गाठलं. तो रडकुंडीला आला होता.

"सूड घ्यायचा तर माझ्यावर घ्यायचा, यार. खेळ का फुकट घालवलास? लगेच दिसेल इतका फरक कशाला ठेवलास?"

"फरक नाहीच आहे रे," अस्मिता म्हणाली. "दोन-दोनदा काढायला वेळ कुणाला होता? प्रत्येक चित्र एकदाच काढलं आणि तेच दोनदा पाठवलं. तू कधी नीट बघितलंच नाहीस."

"मग तुला कळत कसं होतं?"

लिफ्ट आली. अस्मिता आत शिरली आणि आज पहिल्यांदा मनापासून हसली.

"मी चित्रं बघतच नव्हते. तू खोटं बोलताना कसा दिसतोस, ते बघत होते."