ताटावरचा आडवा हात

“पोट भरलं हे तुम्हाला कळतं कसं?” आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

“ताट रिकामं झालं की,” मी म्हणाले. वजन पुन्हा दोन किलोंनी वाढलं होतं.

“थोडं रक्तातलं असतं, थोडं शिकवलेलं,” त्या म्हणाल्या.

घरी आले ती धुमसतच. आई माझ्या लेकीला, ईराला जेवायला वाढत होती. “दे, मी वाढते,” म्हणत मी तिच्या हातातली भातवाढी घेतली आणि सुरूच झाले. “बाबांची अंगकाठी आली, ती आली. पण तू? मी ताटावर आडवा हात धरला की तो बाजूला सारून वाढायचीस! पोटाचं कधी ऐकूच दिलं नाहीस मला.”

“सातव्या महिन्यात जन्मलीस. सव्वा किलोची,” आई हळूच म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं तरच जगेल. आता पुरे, असं नंतर कुणी सांगितलंच नाही गं.”

माझा राग काही उतरेना. तेवढ्यात ईरा रडकुंडीला येऊन ओरडली, “आई, नको म्हटलं ना!”

मी खाली पाहिलं. डाव्या हाताने मी तिचं मनगट बाजूला धरलं होतं आणि उजव्या हातातली भातवाढी तिच्या ताटात रिकामी झाली होती.