एकसष्ट क्लिक

माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपच्या पोटातला बटणाएवढा सेल संपलाय. रोज चालू केला की तो पाच वर्षांपूर्वीची तीच तारीख दाखवतो. ती पुढे आणल्याशिवाय ऑफिसची मेल उघडत नाही, म्हणून चहाआधी तारीख लावायची. आज घाईत विसरले. भाषांतराची फाईल उघडून बसले आणि पडद्यावर टुणकन आठवण आली: ‘आईची गोळी’. मी उठले, कोमट पाणी भरलं, आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तिथे नवरा इस्त्री करत होता. “पाणी कुणाला?” “मलाच,” म्हटलं आणि उभ्यानेच प्यायले. तो ग्लासकडे बघत राहिला. “अगं, दोन मिनिटांचं काम. तो सेल बदलून घे एकदाचा.” “घेते.” परत येऊन बसले. कॅलेंडरचा बाण दाबत एकेक महिना पुढे सरकवायला लागले. आजपर्यंत यायला एकसष्ट क्लिक लागतात. एकोणिसाव्या क्लिकला आई जाते. बोट थांबत नाही.