चौथा हात

नव्वद सालच्या उन्हाळ्यात प्रभाकर भिवंडीतल्या आपल्या घरी, शेजारच्या लूमच्या खडखडाटात, सागाची इलेक्ट्रिक गिटार बनवत होता. लॅकरचा पहिला हात सुकला, तेव्हा त्यावर इवल्याशा बोटांचे ठसे होते. घरात तर तो आणि बायको अनसूया, दोघंच. त्याने ठसे घासून काढले, दुसरा हात दिला. सकाळी पुन्हा ठसे, पण थोडे मोठे. तिसऱ्या हातानंतर आणखी मोठे. त्याने पॉलिशपेपर उचलला, तशी अनसूयाने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. आपला हरी गेला तेव्हा दीड महिन्याचा होता. आता बघा, केवढा झालाय."

प्रभाकरने पॉलिशपेपर खाली ठेवला. मग त्याने चौथा हात द्यायला लॅकरचा डबा उघडला.