काळा काठ

जर्मनीहून आलेल्या पाकिटाच्या चारही कडांना तीन मिलिमीटर रुंद काळी पट्टी होती. आमच्या कर्जतच्या शाळेतल्या मुलींना ती फार आवडली. “बाई, लुगड्यावानी काठ हाय!” एरवी गौतमीची पत्रमैत्रीण आन्या स्वतः लिहायची, हे पत्र तिच्या आईनं मला लिहिलं होतं. प्रत्येक पत्राचं मी मराठी करून वर्गात वाचून दाखवायचे. या वेळी आठ दिवस टाळत होते. आधी चाचणी परीक्षा, मग प्रयोगवह्या. आज गौतमी पत्र ऐकायची वाट न बघताच उत्तर घेऊन आली. फुटपट्टीनं आखून तिनं कागदाला तसाच काळा काठ काढला होता. “आन्याला आवडंल ना, बाई? शाई लई लागली.” “आता झंपर पन पाठव!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मी खडू खाली ठेवला. “गौतमी, अशा पत्राचा आपण कोपरा फाडतो. त्यांच्याकडे असा काठ असतो. आन्या गेली.”