रक्ताचा नमुना

पूर्णा गावातल्या गोदामात माल उचलणारा कमळचा मुलगा भाविक एका एजंटच्या शब्दावर तसल्याच कामासाठी रशियाला गेला, आणि तिथे त्याच्या हातात बंदूक दिली गेली. महिन्याभरात तो लढाईत मारला गेल्याचा फोन आला. देह ओळखण्यापलीकडचा होता. तो त्याचाच का, हे पडताळायला आईचं रक्त हवं होतं.

दवाखान्यात कमळ हातच पुढे करीना. दीर दौलत समजावू लागला, "वयनी, सुईला भितेस काय? पोऱ्याला घरी आनाचा हाय ना?" तिने डोळे गच्च मिटून हात दिला.

आज रिपोर्ट आला. पुतणी मृणालीने तो मोबाइलवर दोनदा वाचला आणि ओरडतच अंगणात आली, "काकी, जुळत न्हाय! तो आपला भाविक न्हायच!"

आळी लोटली. शेजारणी कमळच्या गळ्यात पडल्या, "तुझा पोऱ्या जिता हाय गो!" कुणीतरी तिच्या तोंडात पेढा कोंबला. दौलत डोळे पुसत म्हणाला, "कुना बिचाऱ्याचा असल तो. तिथंच पुरतील आता त्याला, बेवारशी."

कमळने तोंडातला पेढा हळूच पदरात काढला.



बावीस वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली कमळ, स्वतःचं मेलेलं बाळ तिथेच पुरून, दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरचं आई गमावलेलं लेकरू पदराखाली घेऊन सासरी परतली होती, आणि हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.