सोवळ्याची धाबळी

शकूताईंनी अंगावरची लोकरी धाबळी काढली आणि पडवीत गोणपाटावर कुडकुडणाऱ्या बुक्क्याच्या पाठीवरून घेऊन पोटाखाली सैल बांधली.

“अगं, पूजेच्या सोवळ्यातली ना ती?” कानटोपीतून नाना म्हणाले. “कुत्र्याला?”

“लोकरीला विटाळ नसतो. सासूबाईंनीच शिकवलंय.”

बारा वर्षांचा बुक्का निफाडच्या थंडीनं चार दिवस जागचा हलला नव्हता. ऊब द्या आणि रोज थोडं चालवा, नाहीतर मागचे पाय कायमचे आखडतील, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. कोमट तिळाचं तेल चोळून झालं, तूप लावलेली बाजरीची भाकरी लांबून दाखवून झाली. तो पडल्यापडल्या नुसती शेपटी हलवायचा.

आज गुरुवार. अंगणातल्या औदुंबराला अकरा प्रदक्षिणा, त्याही मौनानं, असा शकूताईंचा नेम. साध्या सुती पातळात काकडत त्यांनी सुरुवात केली. पाचवी फेरी सुरू करताच मागे फरशीवर नखं वाजली. धाबळी सावरत, लंगडत बुक्का मागून येत होता. शकूताईंनी मान वळवली नाही, पावलं तेवढी हळू केली.

अकरा झाल्या. हात जोडून झाले. शकूताई पुन्हा चालू लागल्या.

“ही बारावी,” नाना चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. “आज मोजणं चुकलं वाटतं.”

“माझ्या झाल्या,” शकूताई म्हणाल्या. “त्याच्या अजून चार राहिल्यात.”